चातुर्मासातील सर्दी-ताप आणि अँटिबायोटिकचे वेळापत्रक

आषाढाच्या सरी लागल्या, पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावरून वाहू लागले, की कोल्हापुरात चातुर्मासाची आणि सर्दी-तापाची चाहूल बरोबरच लागते. मंदिरांत आणि स्थानकांत चातुर्मास स्थापनेची लगबग सुरू असते. घराघरांत कोणी रात्रिभोजनत्यागाचा नियम घेतो, कोणी एकासनांचा, कोणी चौविहाराचा. त्याच दिवसांत लक्ष्मीपुरीच्या धान्यपेठेत, गुजरीच्या सराफी पेढ्यांवर आणि शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या अडतीत शिंका आणि खोकला ऐकू येऊ लागतो. गल्ल्यावर बसणारा माणूस सर्दीसाठी रजा घेत नाही. गल्ल्याच्या खणात सर्दीच्या गोळ्यांची पट्टी पडलेलीच असते. त्यातली एक सकाळी, एक दुपारी घेऊन दिवस काढला जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप हटला नाही, की मग डॉक्टर गाठले जातात आणि चिठ्ठीवर एक अँटिबायोटिक येते.

या चिठ्ठीच्या वेळी तीन गोष्टी बहुधा न बोललेल्या राहतात. खणातील गोळ्या चालूच आहेत, ही पहिली. सूर्यास्तानंतर पाणीही घेतले जात नाही, ही दुसरी. परवापासून उपवास धरायचा आहे, ही तिसरी. रुग्णाला त्या सांगण्याजोग्या वाटत नाहीत आणि गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरांना विचारायला सवड नसते. अँटिबायोटिकच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मात्र औषधात कमी आणि या अबोल्यातच अधिक असते.

मुळात सर्दीला अँटिबायोटिक लागते का, हा प्रश्न आधीचा. साधी सर्दी आणि फ्लू हे विषाणूंचे आजार आहेत. अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक, जिवाणूंना मारते. विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही. मार्च २०२३ मध्ये देशभर एच-३-एन-२ फ्लूची लाट असताना इंडियन मेडिकल असोसिएशनने जाहीर पत्रकच काढले होते. ताप साधारण तीन दिवसांत उतरतो, खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. अशा आजारात लक्षणांवर उपचार पुरेत, अँटिबायोटिक नको, असा त्याचा आशय होता. लोक ॲझिथ्रोमायसिन आणि ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड यांसारखी औषधे मात्रेचा विचार न करता घेतात आणि बरे वाटताच सोडून देतात, याची खंतही त्यात होती. कोविडच्या काळातही ॲझिथ्रोमायसिन जवळजवळ प्रत्येक घरात पोहोचले होते. पुढे ब्रिटनमधील मोठ्या चाचण्यांत कोविडच्या रुग्णांना त्याचा विशेष लाभ होत नसल्याचे दिसून आले.

तरीही सर्दीच्या मागोमाग कधी कधी जिवाणूंचा संसर्ग येतोच. फुप्फुसाचा दाह, कानातील पू, घशाचा विशिष्ट संसर्ग, दहा दिवसांहून अधिक रेंगाळणारे आणि मध्येच उलटणारे सायनसचे दुखणे, अशा वेळी डॉक्टर विचारपूर्वक अँटिबायोटिक देतात आणि ते घेतलेच पाहिजे. येथून पुढचा सारा विचार त्या घरांसाठी आहे, जेथे अँटिबायोटिक खरोखर सुरू झाले आहे आणि सर्दीची नेहमीची औषधेही शेजारी ठेवलेली आहेत.

सूर्योदय ते सूर्यास्त

ऑगस्टच्या मध्यास कोल्हापुरात सूर्य साधारण सव्वासहाला उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. नवकारशी पाळणारा श्रावक सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, म्हणजे सातच्या आसपास तोंडात पाणी घेतो. चौविहार करणारा पावणेसातपर्यंत सारे आटोपतो. औषध पोटात जाण्यासाठी त्याच्याकडे जेमतेम बारा तास असतात. डिसेंबरात त्याहून कमी.

दिवसातून दोनदा घ्यायचे अँटिबायोटिक या चौकटीत सहज बसते. सकाळी सात आणि सायंकाळी पावणेसात यांत जवळजवळ बरोबर बारा तासांचे अंतर आहे. डॉक्टरांना हवे असते तेही तेवढेच. दिवसातून एकदा घ्यायच्या औषधाची तर अडचणच नाही. अडचण येते ती दर आठ तासांनी घ्यायच्या औषधाची. ॲमॉक्सिसिलिनच्या जातीची औषधे रक्तात ठरावीक पातळीच्या वर जितका वेळ राहतील, तितके त्यांचे काम चांगले होते. सकाळी सात, दुपारी एक आणि पावणेसात अशी तीन मात्रांची वाटणी केली, तर दिवसा सहा-सहा तासांचे अंतर पडते आणि रात्रीचे बारा तास कोरडे जातात. पातळी खाली जाते आणि उरलेल्या जिवाणूंना डोके वर काढायला रात्र मोकळी मिळते. काही जण रात्रीची मात्रा सायंकाळच्या मात्रेतच मिळवून दोन गोळ्या एकदम घेतात. त्याने रात्र भरून निघत नाही. मळमळ आणि जुलाब मात्र वाढतात.

उपाय सोपा आहे आणि तो डॉक्टरांच्या हाती आहे. ‘सूर्यास्तानंतर काही घेत नाही’ एवढे एक वाक्य दवाखान्यात बोलले गेले, तर बहुतेक संसर्गांसाठी दोन वेळचे किंवा एक वेळचे औषध निवडता येते. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची दोनदा घ्यायची गोळी मिळते. सेफिक्झाइम, सेफुरॉक्झिम, डॉक्सिसायक्लिन, ॲझिथ्रोमायसिन हीही एक-दोन वेळांची औषधे आहेत. कोणते कोणत्या संसर्गाला, हे ठरवणे डॉक्टरांचे काम. दिवसाची लांबी सांगणे रुग्णाचे. जेथे रात्रीची मात्रा टाळणे शक्यच नसते, तेथे काय करावे, याचा निर्णय नियम देणाऱ्या महाराजांना विचारूनच घ्यावा. पच्चक्खाणांत आगार, म्हणजे सवलतीच्या वाटा, मुळातच ठेवलेल्या आहेत. आजारात त्यांचा आधार घेणे म्हणजे नियमभंग, अशी समजूत घराघरांत दिसते. शास्त्राने जेथे वाट ठेवली आहे, तेथे ती बुजवण्याचे कारण नाही.

मुनिसंघाची वैयावृत्ती करणाऱ्या श्रावकांपुढे याहून अवघड प्रसंग येतो. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, अंजलीत आहार घेतात. पाणी आणि औषधही त्याच वेळी. चोवीस तासांत औषधासाठी एकच क्षण उपलब्ध आहे, हे डॉक्टरांना आधी ठाऊक हवे. गोळी कुटून दुधातून किंवा ताकातून देण्याचा मोहही अशा वेळी होतो. तो दोन कारणांनी घातक ठरू शकतो. काही गोळ्या हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरते. आणि काही अँटिबायोटिकांचे दुधाशी मुळीच जमत नाही.

दुधातील कॅल्शियम या औषधांना पोटातच धरून ठेवते. औषध रक्तात पोहोचण्याऐवजी शरीराबाहेर जाते. सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर घेतले, तर शरीरात पोहोचणारे औषध जवळपास तिसऱ्या हिश्श्याने घटते. डॉक्सिसायक्लिनची घट त्यामानाने कमी असली तरी असतेच. लोहाच्या गोळीने मात्र ती फारच मोठी होते. छातीत जळजळ म्हणून घेतलेले अँटासिड, सांधेदुखीसाठी चाललेली कॅल्शियमची गोळी, अशक्तपणासाठी दिलेले लोह, या साऱ्यांचा परिणाम असाच. कोविडपासून या यादीत जस्ताची, म्हणजे झिंकची भर पडली. सर्दी झाली की व्हिटॅमिन सी आणि झिंकची गोळी घेण्याची सवय लागली आहे. तीच गोळी सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनबरोबर एका घोटात घेतली, तर महागडे अँटिबायोटिक फुकट जाते. सिप्रोफ्लॉक्सासिन अशा गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे, असा दंडक आहे. बारा तासांच्या दिवसात हे गणित बसवत बसण्यापेक्षा अँटिबायोटिक चालू असेपर्यंत डॉक्टरांना विचारून झिंक थांबवलेले बरे. पाच-सात दिवसांत त्यावाचून काही अडत नाही.

डॉक्सिसायक्लिनचा आणखी एक स्वभाव या शहराने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी कोल्हापूरची निम्मी पेठ पाण्याखाली पाहिली. पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्टर जे औषध देतात, ते हेच. ही गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे व्हायचे नसते. नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण करते आणि पुढचे काही दिवस पाणी गिळतानाही छातीत आग होते. सूर्यास्ताला दोन मिनिटे उरली असताना घाईने दोन घोटांवर गिळलेली गोळी नेमकी अशीच अडकते. चौविहार करणाऱ्याने ही गोळी शक्यतो सकाळी न्याहारीनंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. दोनदा असेल, तर सायंकाळची जेवणाबरोबरच उरकावी. या दिवसांत उन्हाने त्वचा लवकर भाजते, हेही सांगून ठेवले पाहिजे. पुरानंतरच्या साफसफाईला उतरणाऱ्यांना तर विशेष.

खणातील पट्टीचा हिशेब

सर्दीची गोळी एक दिसते, पण तिच्यात तीन-चार औषधे कोंबलेली असतात. ताप आणि अंगदुखीसाठी पॅरासिटॅमॉल, नाक मोकळे व्हावे म्हणून फिनाइलएफ्रिन, शिंका थांबाव्यात म्हणून क्लोरफेनिरामिन किंवा सेट्रिझिन, आणि सुस्ती येऊ नये म्हणून काहींत कॅफिन. पट्टीच्या मागे ही नावे बारीक अक्षरांत छापलेली असतात. हजारो रुपयांच्या बिलात एका रुपयाची चूक पकडणारे डोळे या अक्षरांवरून मात्र सहज घसरतात.

पॅरासिटॅमॉलचा हिशेब मांडून पाहावा. डॉक्टरांनी तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी चार वेळा लिहिली आहे; ते झाले २६०० मिलिग्रॅम. सर्दीच्या गोळीत बहुधा ५०० मिलिग्रॅम असते; ती तीनदा घेतली की १५००. एकूण ४१००. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम, म्हणजे चार ग्रॅम आहे. दोन्ही गोळ्या आपापल्या जागी निर्दोष असूनही दिवसाची बेरीज मर्यादेबाहेर गेली. उपवासात तर ही मर्यादाही फसवी ठरते. पॅरासिटॅमॉलचा विषारी अंश निकामी करणारा यकृतातील साठा उपाशी शरीरात खालावतो. म्हणून अठाई किंवा सलग उपवास करणाऱ्याने चार ग्रॅमच्या कितीतरी अलीकडेच थांबायला हवे. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडने क्वचित कावीळ होऊ शकते. अशा वेळी पॅरासिटॅमॉलचाही अतिरेक झालेला असेल, तर दोष कोणाचा, हे शोधणे डॉक्टरांनाही जड जाते.

फिनाइलएफ्रिनने रक्तदाब वाढू शकतो. रक्तदाबाच्या रुग्णाने सर्दीची मिश्र गोळी आपल्या मनाने घेऊच नये, अँटिबायोटिक असो वा नसो. लायनेझोलिड नावाचे अँटिबायोटिक चालू असेल, तर हा धोका अनेक पटींनी वाढतो आणि रक्तदाब एकाएकी उसळू शकतो. हे औषध साध्या सर्दीला दिले जात नाही. ते हट्टी संसर्गात आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात वापरतात. पण अशा रुग्णालाही पावसाळ्यात सर्दी होतेच. कोरड्या खोकल्याच्या अनेक औषधांत असणाऱ्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनशीही लायनेझोलिडचे वैर आहे. दोन्ही एकत्र आली तर थरथर, घाम, तीव्र ताप आणि भ्रम होऊ शकतो. ज्या घरात लायनेझोलिड चालू आहे, तेथे दुकानातून आणलेले सर्दी-खोकल्याचे कोणतेही औषध डॉक्टरांना दाखवल्यावाचून देऊ नये.

क्लोरफेनिरामिनने झोप येते. सकाळी गोळी घेऊन पुण्या-मुंबईला किंवा बेळगावला स्वतः गाडी हाकत खरेदीला निघणाऱ्यांना हे सांगावे लागते. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असता कॅफिन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. कॅफिनयुक्त सर्दीची गोळी, वर दुकानात दिवसभर येणारा चहा, आणि मग रात्री छातीत धडधड व झोप नाही, अशी तक्रार. घरातल्यांना वाटते, अँटिबायोटिक ‘उष्ण पडले’. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्या वृद्धांत हाच प्रकार गंभीर होतो. सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे थिओफिलिनची रक्तातील पातळी चढते आणि उलट्या, हृदयाच्या ठोक्यांतील गडबड, प्रसंगी झटकेही येऊ शकतात. वेदनाशामक इबुप्रोफेनची जोडही या औषधाला नको.

एक औषध दुसऱ्याची वाट कशी अडवते, याचा जगाला मिळालेला मोठा धडा सर्दीच्याच औषधाचा आहे. टर्फेनाडिन हे झोप न आणणारे शिंकांचे औषध ऐंशीच्या दशकात फार लोकप्रिय झाले होते. यकृत त्याचे निरुपद्रवी रूपांतर करीत असे, म्हणून ते सुरक्षित वाटे. पण सोबत एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेतले, की यकृताचे ते काम थांबे, मूळ टर्फेनाडिन रक्तात साचे आणि हृदयाची लय बिघडे. काही रुग्ण दगावले. १९९८ साली अमेरिकेच्या बाजारातून ते मागे घेण्यात आले; पुढे भारतातही त्यावर बंदी आली. त्याच्या जागी आलेले फेक्सोफेनाडिन म्हणजे यकृतात तयार होणारे तेच निरुपद्रवी रूप. हे औषध संत्री-सफरचंदाच्या रसाबरोबर घेतल्यास कमी शोषले जाते, म्हणून ते साध्या पाण्याबरोबरच घ्यावे. एरिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधे आजही वापरात आहेत आणि यकृताची वाट अडवण्याचा त्यांचा गुण कायम आहे. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन किंवा ॲटॉर्व्हास्टॅटिन घेणाऱ्याने ती सुरू करण्यापूर्वी विचारलेच पाहिजे. स्नायूंना इजा होऊ शकते. ॲझिथ्रोमायसिन यकृताच्या बाबतीत सौम्य आहे, परंतु हृदयाच्या लयीवर त्याचा परिणाम होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिला. हृदयरोग्याला ते देताना डॉक्टर विचार करतात; शेजाऱ्याच्या सल्ल्याने तीन गोळ्यांचे पाकीट आणणारा करीत नाही.

मधुमेह आणि उपवास

व्यापारी घरांत मधुमेह घरोघर आहे आणि पर्युषणात, दशलक्षणात उपवासही घरोघर. लेव्होफ्लॉक्सासिनसारखे अँटिबायोटिक मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर, विशेषतः ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइडबरोबर घेतल्यास रक्तातील साखर अचानक खाली येऊ शकते. त्यात उपवास असेल आणि सायंकाळनंतर काही घेणेच नसेल, तर पहाटे घाम, थरथर आणि बेशुद्धी यांची वाट पाहण्यासारखेच ते होते. सर्दीच्या गोळीतील गुंगीमुळे ही लक्षणे ओळखूही येत नाहीत. घरचे म्हणतात, गोळीने झोप लागली आहे. मधुमेही व्यक्तीला अँटिबायोटिक सुरू असताना उपवास नको, हा वैद्यकीय सल्ला तपाच्या आड येणारा नाही. तप पुढच्या तिथीलाही करता येते. खोकल्याचे गोड औषधही मधुमेह्यांनी साखर नसलेले मागून घ्यावे.

उलट उपवासासाठी अँटिबायोटिक मध्येच थांबवणे, हाही नेहमीचा प्रकार. ताप उतरला, उद्यापासून उपवास, म्हणून उरलेल्या गोळ्या खणात जातात. १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच बजावले होते, की अपुरी मात्रा जिवाणूंना मारत नाही, त्यांना औषधाची ओळख करून देते. ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली. अलीकडे डॉक्टर पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे कोर्स देऊ लागले आहेत, हे खरे. पण दिवस किती, हे चिठ्ठीवरून ठरावे. उपवासाची तारीख आधी सांगितली, तर कोर्सही तसा आखता येतो.

कॅप्सूल, काढा आणि मुलांची बाटली

कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनलेले असते. म्हणून अनेक घरांत कॅप्सूल उघडून आतली पूड पाण्यातून घेतली जाते. भावना रास्त आहे, रीत चुकीची. डॉक्सिसायक्लिनची पूड अन्ननलिकेला भाजते. आम्लपित्ताच्या अनेक कॅप्सूलमधील दाणे आवरणाबाहेर आल्यावर चावले किंवा विरघळले, तर पोटातील आम्लात निकामी होतात. त्यापेक्षा दुकानातच ‘कॅप्सूल नको, गोळी द्या’ असे म्हणावे आणि डॉक्टरांच्या संमतीने बदलून घ्यावी. सर्दी-तापात लागणारी बहुतेक अँटिबायोटिके गोळीच्या रूपात मिळतात. वनस्पतिजन्य सेल्युलोजची कॅप्सूलही येते, पाकिटावर पाहावे.

घरगुती उपायांत मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि वाफ यांचे कोणत्याही अँटिबायोटिकशी भांडण नाही. आल्याऐवजी सुंठ, सोबत मिरी आणि लवंग, हा कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या घरांचा काढाही निरुपद्रवी. ज्येष्ठमध मात्र रोज मोठ्या प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम घटवतो. दुकानी खोकल्याच्या औषधांत मध आणि मद्यार्क असू शकतो. ‘आयुर्वेदिक’ म्हणून आणलेल्या आसव-अरिष्टांत तर तो आंबवण्यातूनच तयार होतो. मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल चालू असताना मद्यार्क टाळावा, अशी सूचना औषधाच्या पत्रकावर असते. जे घर मद्याला शिवत नाही, त्याला आपण ते बाटलीच्या झाकणाने घेत आहोत याची कल्पना नसते.

मुलांच्या बाबतीत एक नियम कडक आहे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. ॲस्पिरिन फ्लूच्या तापात मुलांना कधीच नको. पॅरासिटॅमॉलच्या थेंबांत आणि सिरपमध्ये फरक असतो: थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५०. थेंब चमच्याने पाजले, तर मात्रा कितीतरी पटींनी वाढते. अँटिबायोटिकची कोरडी पूड बाटलीत पाणी घालून तयार करायची असते. त्यासाठी उकळून पूर्ण गार केलेले पाणी लागते, आणि ते या घरांत नेहमीच असते. गरम पाणी मात्र घालू नये. पाणी खुणेपर्यंत भरून, हलवून, पाकिटावर लिहिलेल्या दिवसांतच वापरावे. बहुतेक औषधांना ती मुदत आठवड्याच्या आसपास असते. उरलेली बाटली पुढच्या सर्दीसाठी फडताळात ठेवू नये.

नवे औषध शक्यतो एका वेळी एकच सुरू करावे. अँटिबायोटिक आणि नवे खोकल्याचे औषध एकाच दिवशी घेतले आणि अंगावर गांधी उठल्या, तर पेनिसिलिनची ॲलर्जी की दुसरे काही, हे कळत नाही. मग आयुष्यभर ‘पेनिसिलिन चालत नाही’ असा शिक्का बसतो आणि पुढच्या आजारात चांगले औषध हातचे जाते. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, तर मात्र विचार करत न बसता रुग्णाला सीपीआर किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे.

औषधदान आणि लाल रेघ

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने सांगितलेली आहेत. त्यातील औषधदानाच्या भावनेने शेजारच्या आजारी बाईला आपली उरलेली पट्टी दिली जाते, दुकानातील हमालाला खणातील दोन गोळ्या दिल्या जातात, क्वचित पांजरपोळातील जनावरालाही. ज्याच्या मूत्रपिंडाची, गर्भाची, ॲलर्जीची माहिती नाही, त्याला दिलेली अँटिबायोटिकची गोळी दान म्हणण्याजोगी नाही. दान द्यायचेच, तर डॉक्टरांच्या तपासणीची फी आणि पूर्ण औषध द्यावे.

जी पट्टी चिठ्ठीवाचून घ्यायची नाही, तिच्यावर उभी लाल रेघ असते. तिची ओळख लोकांना व्हावी म्हणून केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोहीम काढली. त्याआधी, १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ ही अनुसूची लागू झाली. तीत ४६ औषधे आली, त्यात अनेक वरच्या दर्जाची अँटिबायोटिके. ती विकताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव आणि औषधाचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. महाराष्ट्रात तर २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी दुकानात फार्मासिस्ट हजर हवा, चिठ्ठी आणि बिल हवे, असा आग्रह धरला, तेव्हा औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी दुकाने बंद ठेवण्याचा पवित्रा घेतला होता. समाजातील कितीतरी कुटुंबे याच व्यवसायात आहेत. ओळखीच्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणे किती अवघड, हे त्यांना सांगायला नको. रोजमेळ लिहिणाऱ्यांना नोंदीची कटकट मात्र परकी नसावी.

खणातील जुन्या पट्टीविषयी आणखी एक गोष्ट. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात सर्दी-खोकल्याची अनेक होती. न्यायालयीन वादानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. मुदत न संपलेली पट्टीही कालबाह्य ठरलेल्या मिश्रणाची असू शकते. वर्षातून एकदा, चातुर्मासाआधी घर आवरताना, घरातील व दुकानातील अशा साऱ्या पट्ट्या एका टोपलीत घालून ओळखीच्या फार्मासिस्टपुढे ठेवाव्यात आणि टाकायच्या कोणत्या, हे विचारावे. गटारात किंवा पंचगंगेत त्या जाऊ नयेत. पाण्यातील अँटिबायोटिकचे अंश जिवाणूंना निबर करतात.

दोन औषधे एकत्र घेतल्यावर काही विपरीत घडलेच, तर ते डॉक्टरांना सांगून नोंदवता येते. गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशनतर्फे चालणाऱ्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४ हा आहे आणि रुग्ण स्वतःही तेथे कळवू शकतो. पट्टी फेकलेली नसावी, म्हणजे औषधाचे नाव आणि बॅच क्रमांक हाताशी राहतो.